प्लॉटवरील तण काढून देणारी सेवा: नोटिशीपुरती चोख

रिकाम्या प्लॉटवर माजलेल्या तणाबद्दल पालिकेची नोटीस आली, की मालकाच्या हाती मोजकेच दिवस उरतात. मुदतीत सफाई झाली नाही, तर अनेक शहरांत पालिका स्वतः माणसे लावून ती करून घेते आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करते. तो भरला नाही, तर मिळकतीवर बोजा चढतो आणि विक्रीच्या वेळी आड येतो. मी प्लॉटपासून दूर राहत असल्यामुळे या कामासाठी एका सफाई सेवेला बोलावले. त्या अनुभवाविषयी हे परीक्षण आहे.

कागदोपत्री बाजूला नाव ठेवायला जागा नाही. नोटिशीची प्रत पाठवताच त्यांनी मुदतीची तारीख विचारून काम त्या तारखेच्या दोन दिवस आधी ठेवले, कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे एकाच कोपऱ्यातून, तारखेसह काढली आणि पालिकेत अर्ज देऊन त्याची पोच मला पाठवली. पाहणी झाली, प्रकरण बंद झाले. परगावी राहणाऱ्या मालकाला यातले निम्मे जरी स्वतः करावे लागले, तरी रजा टाकावी लागते.

प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. दोन माणसांनी ब्रश कटरला, म्हणजे गवत कापायच्या हातयंत्राला, नायलॉनची दोरी लावून सगळा प्लॉट दुपारपर्यंत सपाट केला. कोवळ्या गवताला ही दोरी ठीक आहे, पण गाजरगवताच्या जून खोडाचे तिने नुसते तुकडे होतात आणि बुंधा जमिनीत तसाच राहतो. तीन आठवड्यांनी मी गेलो, तेव्हा त्या चार बोटे उंचीच्या बुंध्यांना बाजूने धुमारे फुटले होते आणि पांढरी फुले आली होती. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे फुलोऱ्यानंतरची कापणी म्हणजे जवळजवळ पेरणीच. कापलेला पालाही त्यांनी कुंपणालगत ढीग करून ठेवला होता. तो वाळला की आगीचा धोका, आणि नियमांचा एक हेतू तर हाच धोका टाळण्याचा. शिवाय या गवताने त्वचेला ॲलर्जी होते हे ठाऊक असूनही दोघांच्या हातात मोजे नव्हते, हे मला विशेष खटकले.

कोपऱ्यातल्या लव्हाळ्याबद्दल त्यांना दोष देणार नाही, कारण त्याच्या जमिनीखालच्या गाठींपर्यंत गवत कापायचे यंत्र पोहोचत नाही.

त्यांनी तणनाशक फवारणीचाही पर्याय सुचवला होता आणि तो मी नाकारला, याचे आज समाधान वाटते. ग्लायफोसेटसारखे औषध हिरव्या पानांतून मुळांपर्यंत जाते खरे, परंतु मातीतल्या बियांवर त्याचा परिणाम होत नाही आणि मेलेले तण जागीच वाळून उभे राहते. पाहणीला येणारा कर्मचारी उंची पाहतो. कंबरेएवढे वाळलेले रान पाहून तो प्रकरण बंद कशाला करील?

खरी अडचण नियमाच्या आखणीत आहे आणि ही सेवा त्या आखणीला अचूक बेतलेली आहे. अनेक ठिकाणचे नियम तणाची उंची ठरवतात, मुळाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. साहजिकच मुदतीत उंची उतरवून देणारा स्वस्त पडतो आणि ओल्या जमिनीत फुलोऱ्याआधी तण उपटणारा महाग. हाच महागडा मार्ग दोन हंगाम धरला, तर खर्च कमी होत जातो, पण नोटिशीच्या धाकात तेवढा विचार करायला सवड कोणाला असते!

पुढच्या फेरीलाही मी यांनाच सांगितले आहे. मात्र या वेळी कामाच्या कागदावर ‘कापून’ खोडून ‘मुळासकट उपटून, पाला प्लॉटबाहेर नेऊन’ असे लिहून घेतले, आणि दर त्यांनी दीडपट केला.