नळीला चार तारे, वायसरला शून्य: टेनिस बॉलमध्ये परत दाब भरणाऱ्या नळीचा अनुभव

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा नळ्या विकणारे ढीगभर आहेत आणि फोटो बघितले तर निम्म्यांचं झाकण एकाच साच्यातलं वाटतं. माझी तीन बॉलची, पारदर्शक, झाकणात मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह आणि वर दाब दाखवणारा काटा. गेल्या पावसाळ्यात घेतली, आता मे चालू आहे. लिहायला आज बसलो, कारण काल कस्टमर केअरचा शेवटचा ईमेल आला: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या मिटवली आहे. समाधान कुणाचं, ते लिहिलेलं नाही.

आधी घेतली का ते सांगतो. आमच्या सकाळच्या डबल्स ग्रुपच्या बॉलचा हिशोब माझ्याकडे असतो. हे पद मानाचं नाही. तीन बॉलचा डबा चारशेच्या आसपास जातो आणि वर्गणी मागितली की वकीलसाहेबांचं पाकीट नेमकं गाडीत राहिलेलं असतं. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात. आमच्यात नवे बॉल पगार झाल्यावर येतात. सोलापुरात महिलांची आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) स्पर्धा भरते तेव्हा आम्ही सगळे बघायला जातो. बाकीच्यांचं लक्ष खेळाडूंच्या फोरहँडवर, माझं लक्ष बाजूला काढलेल्या बॉलचं पुढे काय होतं याकडे.

डबा उघडताना फुस्स होतं, तिथूनच बॉलचं आयुष्य ओसरायला लागतं. बॉलच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा चौरस इंचाला साधारण १२ ते १४ पौंड जास्त दाब असतो आणि बंद डब्यातही तेवढाच, म्हणून दुकानात तो ताजा राहतो. डबा उघडला की बाहेरचा आधार गेला. मग तुम्ही खेळा नाहीतर कपाटात ठेवा, रबरातून हवा झिरपतच राहते. नळी तो आधार परत देते, बाकी काही नाही. ताजे बॉल खेळून आल्याआल्या १४ पौंडावर ठेवले तर आहेत तसे राहतात. मेलेले बॉल ३० वर ठेवले तर हवा उलटी आत शिरते, पण तिच्या सवडीने. जाहिरातीत 'रात्रभरात नवा' लिहिलंय त्यावर जाऊ नका. चांगला मेलेला बॉल आठवडाभर तरी मागतो.

खरं-खोटं करायला घरी माप घेतलं. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. जिन्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या, खाली शहाबादी फरशी. ही चाचणी २० अंश तापमानाला आणि ६० टक्के आर्द्रतेत करायची असते. सोलापुरात २० अंश म्हणजे जानेवारीतली पहाट, त्यामुळे तेवढी सूट माझी मी घेतली. जुना बॉल १२० च्या आसपास रेंगाळला. नळीत आठवडा काढून आलेला १३८ ला गेला. मी खूश. "भिंत कोण पुसणार ते सांगा," एवढंच बायको म्हणाली.

कोर्टावर नेली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या अण्णांनी पहिला प्रश्न केला, "काय ओ सर, कुकर आणलाव का? शिट्ट्या किती घ्यायच्या?" त्या दिवसापासून नाव पडलं ते कुकरच. पहिले काही महिने कुकर फारच गुणी निघाला. महिन्याला दोन डबे लागायचे तिथे एकावर भागू लागलं. सगळ्यात चांगला निकाल गड्डा यात्रेच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत मिळाला. संक्रांतीच्या त्या आठवड्यात कोर्टावर कुणी फिरकत नाही. कुणाला नंदीध्वजांची मिरवणूक, कुणाकडे पाहुणे, अण्णा नातवंडांना घेऊन पाळण्यात. बॉल ३० पौंडावर तसेच पडून राहिले. यात्रा संपल्यावर काढले तर मास्तरांनी पहिलीच सर्व्हिस केली आणि ती बॉक्सऐवजी थेट मागच्या जाळीवर. "हे नवे आहेत का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही.

इथपर्यंत मी पाच तारे देणार होतो. पण पुढे काय झालं तेही ऐका, कारण असली गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळत नाही.

आमच्या ग्रुपचा सगळा खेळ मेलेल्या बॉलवर बेतलेला होता. मास्तर नेटजवळ बॉल असा कापायचे की तो पडला तिथेच बसायचा. डॉक्टरांचा लॉब आभाळात जाऊन बरोबर बेसलाइनच्या आत उतरायचा, कारण उतरल्यावर उसळी मारायला त्याच्यात दम नसायचा. वकीलसाहेब जागचे हलायचे नाहीत. बॉलच त्यांच्यापर्यंत पोचेपोचेतो थकलेला असायचा. बॉल जिवंत झाला आणि हे सगळे उघडे पडले. मास्तरांचा कट आता समोरच्याच्या कमरेपर्यंत उसळतो आणि तो सावकाश मारतो. डॉक्टरांचे लॉब बाहेर. आऊट की इन यावर भांडणं दुप्पट झाली, कारण जोरात आलेला बॉल कुणालाच नीट दिसत नाही. आमच्यात अंपायर नसतो, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याची लाइन. व्यवसायामुळे वकीलसाहेबांना यात जन्मजात फायदा आहे. शेवटी "नीट दिसला नाही, लेट घ्या" म्हणून तोच पॉइंट परत. एका रविवारी एक सेट संपेस्तोवर ऊन कोर्टाच्या मधोमध आलं होतं.

मग मागणी आली, की कुकर नको, जुनेच बॉल बरे होते. वर्गणी वाचते हे सांगितल्यावर त्यावरचं मतदान पुढे ढकललं गेलं.

तरुण मंडळींसोबत खेळणाऱ्यांना हा त्रास होणार नाही. साठीपुढच्या डबल्समध्ये मात्र ३० पौंडाच्या नादी लागू नका. आम्ही आता २० वर थांबतो. बॉल पुरा जिवंत होत नाही, पण मास्तर परत बोलायला लागले.

दुसरी गोष्ट लोकरीची. नळी हवा देते, अंगावरची लोकर देत नाही. आमचं होटगी रोडच्या बाजूचं सिमेंटचं कोर्ट म्हणजे किसणीच. जाड लोकरीचे बॉल घेतले तरी थोड्याच दिवसांत टकले होतात. टकला बॉल हवेत अडत नाही, रॅकेटच्या तारांना धरत नाही, त्यामुळे टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी) मारला तरी तो वळून खाली बसत नाही, सरळ निघून जातो. आता असा टकला बॉल पूर्ण दाबाने उसळायला लागला तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. म्हणजे बॉलचं आयुष्य तिप्पट वगैरे होत नाही. सिमेंटवर दुपटीपेक्षा थोडं कमी धरा. मातीच्या कोर्टावर खेळणाऱ्यांना जास्त फायदा होईल असं वाटतं.

जिवंत बॉलने कोपर कमी दुखतं का, असं दोघातिघांनी विचारलं. माझं कोपर कमी दुखतंय हे खरं. पण त्याच सुमारास रॅकेटचं गटिंगही (तारांचा ताण) ५५ पौंडावरून ५० वर आणून घेतलं, तेव्हा श्रेय नळीला देत नाही.

आता वायसर.

होळीच्या मागेपुढे काटा पडायला लागला. संध्याकाळी १४ लावावेत, सकाळी ११. पुढे रात्रीत ६. व्हॉल्व्हची पिन बदलून बघितली, फरक नाही. मग नळी पाण्यात बुडवून बघायची ठरवली. सोलापूरकरांना सांगायला नको, इथे नळाला पाणी रोज येत नाही, आणि घरातली भरलेली बादली ही सहज मागायची वस्तू नाही. "अहो, पाणी परवा येणार आहे, आणि तुम्ही त्यात ते नळकांडं बुडवणार?" तेच पाणी नंतर कुंड्यांना घालायच्या अटीवर बादली मिळाली. बुडबुडे झाकणाच्या कडेने येत होते, बारीक, एका रेषेत. म्हणजे वायसर.

कंपनीला लिहिलं की एक वायसर पाठवा, पैसे देतो. उत्तर आलं: फोटो पाठवा. पाठवला. बिल पाठवा. पाठवलं. व्हिडिओ पाठवा, बुडबुडे दिसले पाहिजेत. परत बादली, परत अटी. मग फोन आला, हिंदीतून, अतिशय गोड आवाजात: वॉरंटी नळीवर आहे, रबराच्या भागांवर नाही. बरं, मग विकत द्या. वायसर सुटा मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागेल, सातशे रुपये. दीड हजाराच्या वस्तूचं झाकण सातशे! मग म्हटलं नळीच परत घ्या. तर आपल्या पिनकोडवर पिकअप नाही. आणून टाकताना हाच पिनकोड चालला होता.

सातशे रुपये मी दिले नाहीत हे सांगायची गरज नसावी.

आमच्या अण्णांनी हयात लूममध्ये, म्हणजे यंत्रमागावर, घालवली आहे. त्यांनी वायसर हातात घेतला, बोटांत ताणला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हे सिलिकॉन हाय की ओ. हवेला हे कोण लावतंय?" मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे घेऊन गेले, लूम आणि कंप्रेसरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात. तिथे ओ-रिंगांची, म्हणजे गोल रबरी वायसरांची, फळीच्या फळी भरलेली. दुकानदाराचंही तेच म्हणणं पडलं: सिलिकॉन उष्णता सोसतं, पण त्यातून हवा बाकीच्या रबरांपेक्षा कितीतरी लवकर निसटते, दाबाच्या कामाला काळं नायट्राइल रबर. हवेच्या झोताने विणणाऱ्या एअरजेट लूमवर दिवसरात्र हवेचाच कारभार असतो, तिथे ही माहिती पोराटोरांना असते. माप बघून त्याने तीन ओ-रिंग दिल्या, वीस रुपये. तिन्ही मिळून. चहा त्याने पाजला.

नवी रिंग बसवली, वर किंचित सिलिकॉन ग्रीस. रात्री १४, सकाळी १४. चार दिवसांनी १४ ला जेमतेम कमी. ज्या शहरात टॉवेल विणायला लावलेल्या यंत्रांची हवा गळत नाही, तिथे माझी हवा एका पांढऱ्या वायसरपायी रोज गळत होती, आणि त्या वायसरची किंमत कंपनीला एखाद-दोन रुपये पडत असेल. राग त्याचा आहे. नळीचं प्लास्टिक उत्तम, आटे उत्तम, काटा बऱ्यापैकी खरा (पंक्चरवाल्याच्या काट्याशी ताडून बघितला, पौंडभर फरक). एवढं सगळं नीट करून शेवटी वायसरवर पैसे वाचवायचे, ही कुठली काटकसर? काटकसर मलाही कळते.

जुन्या वायसरचा फोटो कंपनीला पाठवला, खाली नव्या रिंगेचा, आणि लिहिलं की हे लावा. त्यावरच तो समाधानकारक मिटल्याचा ईमेल आला.

उन्हाळ्याचं थोडक्यात. नळी गाडीत ठेवू नका. वकीलसाहेबांनी एका दुपारी गाडीत ठेवली, १४ वरचा काटा १७ च्या पुढे गेलेला सापडला. नळी फुटण्याइतकं ते नाही, पण गरम बॉल आधीच जास्त उसळतो. आमच्याकडे मे महिन्यात साडेसहाचं ऊनसुद्धा कोवळं नसतं, त्यात गाडीत तापलेले बॉल घेऊन खेळलो तर डॉक्टरांचे लॉब शेजारच्या कंपाउंडात. ताजे बॉल जपायला एप्रिल-मेमध्ये मी १२ च लावतो, थंडीत १६.

हिशोब असा: नळी दीड हजार, ओ-रिंगा वीस, पंप घरात होताच. महिन्याला एक डबा वाचला असं धरलं तर चार महिन्यांत पैसे फिटले, आता नफा चालू आहे. एकटे किंवा आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्यांनी जरूर घ्यावी; त्यांचे बॉल खेळून नाही, पडून मरतात, आणि नेमकं तेच ही नळी थांबवते. रोज सिमेंटवर झोडपणाऱ्यांची लोकर हवेच्या आधी संपेल, त्यांनी विचार करून घ्यावी.

नुकसान झालं ते सोसायटीतल्या पोरांचं. मेलेले बॉल त्यांच्या क्रिकेटला जायचे. परवा त्यातला एक जिन्यात आडवा आला, "काका, या महिन्यात बॉल नाही दिला तुम्ही." टकले दोन होते ते दिले. पोरं म्हणाली, हे लई उसळतात, बॅटवर येत नाहीत. परत आणून दिले.

घेणार असाल तर पहिल्या दिवशीच वायसर काढून बघा. पांढरा, मऊ, दुधी दिसणारा असेल तर तो खिशात घालून पंप-कंप्रेसरच्या दुकानात जा. माप तोंडी सांगू नका, नमुना दाखवा, आणि एकाऐवजी तीन घ्या.