गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांचं जाळं: जुलै ते जानेवारी वापरल्यानंतर

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कपाशीच्या शेतांत लावलेल्या सापळ्यांचा हा हंगामभराचा अनुभव आहे. सापळे तीन प्रकारचे होते: खाली प्लास्टिकची पिशवी असलेले नरसाळ्याचे, चिकट कागदाचे त्रिकोणी डेल्टा, आणि थोडे कॅमेऱ्याचे. मत आधीच सांगून टाकतो. सापळा कोणता घेतला याने फार बिघडत नाही. ल्युअरचं (मादीच्या गंधाचं आमिष, जे नर पतंगांना सापळ्यात ओढतं) वय, मोजणीचा वार आणि नोंदवही सांभाळली नाही, तर कितीही भारी सापळ्यातून आलेला आकडा निरुपयोगी ठरतो.

हे सगळं करायचं कशाला, असं अजूनही विचारलं जातं. दोन जनुकांचं बीटी बियाणं 2006 मध्ये आलं आणि गुलाबी बोंडअळीने ते पचवलं. 2017 चा हंगाम खानदेशातला कोणताही कपाशीवाला विसरलेला नसेल. अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पात्यात, म्हणजे फुलाच्या कळीत, किंवा बोंडात शिरते, मग फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं आणि आत सरकी खाल्लेली असते. या अळीचे पतंग, म्हणजे तिचे पंखवाले प्रौढ कीटक, उडायला लागले हे कळणं, एवढीच काय ती आगाऊ सूचना. ती सूचना सापळा देतो.

सापळ्यांची लावणी पेरणीनंतर 45 दिवसांनी, म्हणजे पाते लागायच्या सुमारास. निगराणीसाठी एकरी 2, हेक्टरी 5. दोन सापळ्यांत किमान 50 मीटर अंतर हवं. बांधावर लावू नका, शेताच्या आत लावा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणून सापळा शेताच्या पश्चिम भागात ठेवला तर गंध पिकावरून वाहतो, नाहीतर तो शेजारच्या मक्यात जातो. निंबाचं झाड, गोठा, विहिरीवरचा रात्रभर जळणारा दिवा यांच्याजवळ नको.

उंची पिकाच्या शेंड्याच्या वर एक फूट. ऐकायला सोपं आहे, पण जुलैअखेरीस गुडघ्याएवढी असलेली कपाशी सप्टेंबरात छातीला लागते आणि सापळा आहे तिथेच राहतो, पानांत बुडतो. त्यामुळे काठी पहिल्या दिवसापासून सात-आठ फुटांची घ्यावी, दीड फूट जमिनीत गाडावी आणि सापळा बांधणीच्या तारेने असा बांधावा की दर पंधरवड्याला वर सरकवता येईल. काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. ओली झाली की काठी कलते, सुकली की भेग काठीच्याच बुडाशी पडते. बुडाला दगडांची पाचर मारली की काठी टिकते.

आता ल्युअर. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध 1973 मध्ये ओळखला गेला. त्याला गॉसिप्लुअर म्हणतात आणि त्यात एकाच रसायनाची दोन रूपं (समघटक) जवळपास निम्मे-निम्मे असतात. हे प्रमाण बिघडलं की नर येत नाही. म्हणून अनोळखी बनावटीचा माल घेतला की संपूर्ण जाळ्यात लावण्याआधी एकाच शेतात ओळखीच्या ल्युअरसमोर तपासावा: दोन सापळे 50 मीटरवर, तीन रात्री एका जागी, मग जागांची अदलाबदल करून आणखी तीन रात्री. जागा बदलल्याशिवाय केलेली तुलना धरू नये, कारण एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांत दुपटीचा फरक सहज पडतो.

पाकिटावर मुदत काहीही छापलेली असो, ल्युअर वीस दिवसांनी बदला. ऑक्टोबरच्या उन्हात पंधरा दिवसांनी. उष्णतेने गंध लवकर उडून जातो आणि नंतर सापळा रिकामा दिसतो तो पतंग नाहीत म्हणून नव्हे. जुलैअखेर ते डिसेंबरचा मध्य म्हणजे साधारण 140 दिवस. वीस दिवसांच्या हिशेबाने एका सापळ्याला 7 ल्युअर लागतात आणि ऑक्टोबरसाठी एक जास्तीचा धरायचा. शंभर सापळे असतील तर आठशे. हरवलेले आणि माकडांनी नेलेले वेगळे. खरा खर्च इथे आणि पेट्रोलमध्ये आहे. सापळ्याची किंमत त्यापुढे किरकोळ.

साठवण फ्रीजरमध्ये, पाकीट न फोडता. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो. कृषी केंद्राच्या पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडलेला ल्युअर घेण्यात अर्थ नाही, म्हणून मागणी आधी नोंदवावी आणि माल जुलैत उचलावा. शेतावर नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत. मोटारसायकलच्या डिकीत नाही. हात लावायचा तर हातमोजे घालून. तंबाखू मळलेल्या किंवा फवारणीच्या हाताने ल्युअर धरला की पकड घटते. हिरव्या बोंडअळीचा, लष्करी अळीचा आणि हा ल्युअर एकाच डब्यात ठेवू नये, एकाच सापळ्यातही नाही. जुना ल्युअर शेतात टाकून देण्याची सवय मोडायला वेळ लागतो. झाकणाच्या बरणीत परत आणायचा, कारण जमिनीवर पडलेला अर्धामेला ल्युअरही नराला भुलवत राहतो.

ज्या गोष्टीने सर्वात जास्त गोंधळ होतो ती वेगळीच आहे. सगळ्या सापळ्यांचे ल्युअर एकाच दिवशी बदलले की दुसऱ्या दिवशी आकडा उसळतो आणि पतंगांची नवी पिढी निघाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती ताज्या गंधाची उसळी असते. म्हणून प्रत्येक शेतातल्या दोन सापळ्यांपैकी एकाचा ल्युअर या आठवड्यात, दुसऱ्याचा दहा दिवसांनी. दोन्ही सापळे एकत्र चढले तर उड्डाण खरं, फक्त ताज्या ल्युअरचा चढला तर थांबा. एवढ्या एका बदलाने जाळ्यातल्या निम्म्या खोट्या घंटा बंद होतात.

मोजणी. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथे फवारणीचा विचार करावा लागतो ती, सलग तीन रात्री दर रात्री दर सापळ्यात 8 पतंग अशी आहे. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, जाणारा माणूस तीन किंवा चार रात्रींची गोळाबेरीज आणतो. ती रात्रींनी भागली की शिखर सपाट होतं: 2, 3, 19 या तीन रात्रींची सरासरी 8 च येते, पण सलग तीन रात्रींचा निकष इथे पुरा झालेला नाही. उलट 9, 9, 9 आणि 1 ची सरासरी 7 येते आणि निकष मात्र पुरा झालेला असतो. यावर तोडगा म्हणजे सरासरी 5 ओलांडली की त्या गावात रोज सकाळी मोजायला सुरुवात करायची. तोवर आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात. पतंग मध्यरात्रीनंतर जास्त उडतात, म्हणून मोजणी सकाळी आणि शक्यतो एकाच वेळेला.

नोंदवहीत शून्य आणि रिकामी चौकट यांत फरक ठेवाच. आमच्या वहीत चार खुणा आहेत: 0 म्हणजे सापळा उभा, ल्युअर आहे, पतंग नाही, प म्हणजे पडलेला, ल म्हणजे ल्युअर गायब, न म्हणजे कोणी गेलंच नाही. पडलेल्या सापळ्याचा शून्य बेरजेत मिसळला की तालुक्याची सरासरी खाली येते आणि फवारणीचा सल्ला आठवडाभर लांबतो. प्रत्येक नोंदीपुढे ल्युअर लावल्याची तारीख आणि किती रात्रींची पकड आहे, हेही हवं. सापळ्याचा क्रमांक ऑइल पेंटने लिहावा. मार्कर पेनची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते. आतल्या चिठ्ठीसाठी पेन्सिल उत्तम, पावसातही पुसत नाही.

सापळ्यात सापडतो तो नरच, आणि तो सापडला म्हणजे बोंडात अळी आहेच असं नाही. म्हणून सापळ्याच्या आकड्याशेजारी बोंडांची तपासणी लागते. एकरातून वीस वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची. दोनांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं की 10 टक्के झाले, फवारणीची वेळ आली. फुलोऱ्यात डोमकळ्या (पाकळ्या नीट न उघडलेली, गुलाबकळीसारखी मिटलेली फुलं) दिसल्या तर वेचून नष्ट करायच्या, आत अळी असते. सापळा भरलेला आणि बोंडं निरोगी, असं ऑगस्टमध्ये बऱ्याचदा दिसतं. अशा वेळी घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं की पांढरी माशी डोकं वर काढते. निंबोळी अर्क आणि थोडी वाट पाहणं बरं.

बिघाड तालुक्यागणिक वेगळे. साक्रीच्या माळावर, जिथे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उभ्या आहेत, तिथे वाऱ्याने नरसाळ्याची वरची टोपी उडते. टोपीला दोन भोकं जास्तीची पाडून तार ओवली की राहते. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या शेतांत माकडं पिशवी ओढतात आणि रानडुकरं काठी पाडतात. तिथे पिशवी सुतळीऐवजी तारेने बांधली तर थोडं टिकतं, थोडंच. तापीकाठच्या बागायतीत पिशवीत पाणी साचून पतंगांचा चिखल होतो, मग मोजायचं काय? पिशवीच्या तळाला जाड सुईने आठ-दहा छिद्रं पाडली की पाणी निथळतं आणि पतंग आतच राहतात. मुंग्यांसाठी काठीला ग्रीसचा चार बोटांचा पट्टा. त्याशिवाय मुंग्या सकाळपर्यंत पंखच शिल्लक ठेवतात. पूर्वी पिशवीत डायक्लोरव्हॉसचा बोळा टाकत. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, तो नाद सोडा. जिवंत पतंग फडफडून खवले झाडतात आणि ओळखायला अवघड होतात, म्हणून पिशवी पाच मिनिटं उन्हात धरून मग मोजावी.

डेल्टामध्ये पतंग पसरून चिकटतो, ओळख पक्की होते. पण वेचणीच्या दिवसांत धुरळा उडाला की चिकट कागद आठवड्यात निकामी होतो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत, तर डेल्टा लावूच नका, एका दिवसात कापसाचे तंतू त्याला गोधडीसारखे झाकून टाकतात. तिथे नरसाळेच. जिनिंगच्या आवारातले सापळे शेतांपेक्षा महत्त्वाचे, कारण सुप्तावस्थेतली अळी सरकीत बसून गावात येते आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथूनच पतंग निघतात. मात्र हे आकडे शेताच्या सरासरीत मिसळू नका, वेगळं पान ठेवा. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) गंजीशेजारचे आकडेही त्याच पानावर.

कॅमेऱ्याच्या सापळ्यांबद्दल थोडक्यात: रोजचा फोटो येतो ही सोय खरी. पण कोळी भिंगासमोर जाळं विणतो, सौर पाटीवर धूळ बसते, आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात जिथे रेंजच नाही तिथे फोटो यंत्रातच पडून राहतो. बारीक करड्या पतंगांत गुलाबी बोंडअळीचा कोणता, हे ओळखायला यंत्रालाही माणसाची तपासणी लागते. रस्त्याकडेच्या दहा शेतांना एक असा ठेवावा, सगळं जाळं त्यावर उभं करू नये.

शेतकऱ्यांचे दोन प्रश्न दर गावात येतात. पहिला: ‘भाऊ, हा सापळा शेजारचे पतंग माझ्या शेतात ओढून आणेल ना?’ तो नरांना ओढतो, अंडी मादी घालते. दुसरा: ‘सापळे लावलेत, मग फवारणी कशाला?’ एकरी दोन सापळ्यांनी कीड कमी होत नाही, फक्त कळते. सामूहिक पकडीसाठी एकरी 8 ते 10 लागतात, तेही सगळ्या शिवाराने एकदम आणि पतंग थोडे असतानाच लावले तर. ज्या शेतात मिलन रोखणाऱ्या गंधाच्या दोऱ्या किंवा मेणासारखा लेप वापरला आहे, तिथे निगराणीचा सापळा शून्य दाखवतो, कारण हवेत सगळीकडे गंध असल्याने नराला सापळा सापडत नाही. अशा शेतात शून्यावर विश्वास नको, बोंडं फोडूनच पाहा.

डिसेंबरच्या थंडीत, रात्रीचं तापमान दहाच्या आसपास आलं की आकडे आपोआप खाली येतात. त्यावरून कीड संपली असं धरून फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक) ठेवणारे ठेवतात, आणि अळी सरकीत कोष विणून सुप्तावस्थेत बसते. शेवटची वेचणी झाली की सापळे काढायचे, नरसाळी साबणाच्या पाण्याने धुवायची, पिशव्या फेकून नव्या घ्यायच्या. फोडलेल्या पाकिटांतले उरलेले ल्युअर पुढच्या वर्षी वापरू नयेत. जिनिंगचे सापळे मात्र काढू नका; ते सरकी हलेपर्यंत आणि नव्या लागवडीत पाते दिसेपर्यंत चालू ठेवा.