अंबाडी-पीएलएच्या कुंड्या: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

संत्र्याच्या नर्सरीत जंभेरीच्या रोपांसाठी (यांच्यावरच संत्र्याचं कलम बांधतात) काळ्या पिशव्यांऐवजी या कुंड्या घेतल्या. पीएलए म्हणजे मका-उसासारख्या पिकांपासून केलेलं प्लॅस्टिक; त्यात अंबाडीच्या तंतूंचे तुकडे कशाला घालतात, हे विक्रेत्याच्या कागदावर असतंच. मला लिहायचंय ते बुडाच्या भोकांबद्दल. भर पावसात रोपं पिवळी पडू लागली. कुंडी उचलून बघितली तर भोकं बुजलेली, आणि ती कुंडीच्याच फुगलेल्या काठाने.

साच्यातून निघालेल्या कुंडीवर पीएलएची पातळ साय असते, तिच्याखाली तंतू झाकलेले राहतात. या कुंड्यांना भोकं मात्र नंतर ड्रिलने पाडली आहेत. ड्रिलने तंतूंची तोंडं कापली जातात आणि उघडी राहतात. अंबाडी पाणी ओढते, फुगते. पीएलए जवळजवळ पाणी घेतच नाही. दोघांची पकड सुटते, काठाला बारीक भेगा जातात आणि पाणी आणखी आत शिरतं. मग भोकातून दाभणही जात नाही, नखाने दाबलं तर काठ ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो. संत्र्याला हे चालतच नाही. मुळाशी पाणी साचलं की फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू आलाच: नर्सरीत मूळकूज, पुढे बागेत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग). एवढे पैसे मोजून घेतलेल्या कुंडीने भोकापायी रोप घालवावं, याचा संताप येतो.

विक्रेता म्हणतो, पाणी कमी द्या. पावसाळ्यात उघड्यावरच्या रोपांना हे उत्तर लागू होत नाही. बदलून द्यायलाही नकार.

उपाय घरचाच आहे. माती भरण्याआधी कोरड्या कुंडीच्या भोकातून तापलेली 10 मिमीची सळई फिरवून काढायची. पीएलए वितळून तंतूंच्या तोंडांवर बसतं आणि भोकही मोठं होतं. सळई लाल होऊ द्यायची नाही. 200 अंशांच्या वर तंतू करपतो आणि काठ ठिसूळ होतो. कुंड्या जमिनीला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा.

उन्हाळ्याचं थोडक्यात: पीएलए 55 ते 60 अंशांच्या दरम्यान मऊ पडतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये एकात एक घालून ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या लांबोळक्या होतात, एकमेकींत फसतात. कवेलूच्या खोलीत ठेवा. भरलेल्या, ओल्या मातीच्या कुंड्यांना शेडनेटखाली काही झालं नाही.

सुरुवातीला वाटायचं की अंबाडी ही नुसती भरती आहे, साध्या पीएलएची कुंडी बरी. आता तसं वाटत नाही. साधं पीएलए मातीत वर्षानुवर्षं जवळपास जसंच्या तसं राहू शकतं. पाकिटावरचं 'कंपोस्टेबल' हे साधारण 58 अंशांच्या औद्योगिक कंपोस्टसाठी आहे. आयएसओ 17088 या कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 180 दिवसांत 90 टक्के विघटन तिथलं. आपली नाडेपची टाकी (विटांची जाळीदार कंपोस्ट टाकी) सुरुवातीला तापते, पण इतकी उष्णता टिकवत नाही. तंतूवाल्या कुंडीत आधी तंतू कुजतो, त्या वाटांनी ओल आत जाते आणि भिंत हाताने फाटते. म्हणून लावताना बूड पूर्ण काढा आणि बाजूला दोन उभे काप द्या. अख्खी कुंडी खड्ड्यात पुरली तर भारी काळ्या जमिनीत मुळं आतच गोल फिरतात. काढलेले तुकडे नाडेपमध्ये टाकले तर पीएलएच्या पापड्या उरतात, खत चाळावंच लागतं.

एका कुंडीच्या पैशात काळ्या पिशव्या मूठभर येतात, त्यामुळे सगळी नर्सरी यावर नेणार नाही. पिशवी सोडवताना मातीचा गोळा फुटतो आणि कलम दगावतं, तो धोका इथे नाही, म्हणून विकायच्या चांगल्या कलमांपुरत्या घेईन. त्याही भोकं साच्यातच पाडलेली असतील तरच. ओळखायला सोपं आहे: साच्यातल्या भोकाची कड गुळगुळीत आणि चकचकीत असते, ड्रिलच्या भोकाला बोट फिरवलं की कुसळं लागतात. नमुना मागवा, वजन करून रात्रभर बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. साधं पीएलए शंभर ग्रॅमला ग्रॅमभरही पाणी पीत नाही. तंतूवालं त्याहून जास्त पिणारच, पण भोकाचा काठ फुगलेला दिसला तर ऑर्डर देऊ नका.