वाशीचं आंबा निर्यात केंद्र: यंत्रं चोख, तयारी मात्र बागेपासून हवी

दिल्लीत नवा राजदूत रुजू झाला, मग तो अमेरिकेचा असो वा जपानचा, की व्यापार वाढवू, संबंध आणखी घट्ट करू, असं मनापासून सांगतो. त्या शब्दांचा कस दर एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईत लागतो, महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वाशीतल्या निर्यात सुविधा केंद्रात. परदेशी निघालेल्या हापूस-केसरवर इथे प्रक्रिया होते. ठाण्या-रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ज्या बागायतदाराला किंवा छोट्या निर्यातदाराला पहिल्यांदाच इथे माल आणायचाय, त्याच्यासाठी हे परीक्षण.

आंबा काढण्याआधीच देश ठरवा, कारण प्रत्येक देशाची प्रक्रिया वेगळी आहे आणि एकीवर दुसरी भागत नाही. युरोपचा माल ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवतात. २०१४ च्या मेमध्ये फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला होता. पुढच्या वर्षी दार उघडलं ते अशा प्रक्रियेच्या अटीवरच. जपानला उष्ण बाष्पाची प्रक्रिया लागते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठी विकिरण, म्हणजे फळावर गॅमा किरण सोडणं. अमेरिकेला फळमाशीइतकीच धास्ती कोयीतल्या भुंग्याची आहे. तो कोयीच्या आत बसतो, त्याच्यावर उष्णतेचा भरवसा धरता येत नाही. गॅमा किरण मात्र तिथवर पोचून त्याला वांझ करतात. फळ त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. गिऱ्हाईक हे विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

बाष्प कक्ष हा या केंद्राचा सगळ्यात नाजूक भाग. भरपूर दमट, गरम हवा क्रेटमधून खेळवली जाते. गराच्या आत, कोयीलगत ४७.५ अंश आले की मग २० मिनिटं मोजायला सुरुवात. हे तापमान मोजायला मोठ्या फळांत सुईसारखे सेन्सर खुपसलेले असतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. एका खेपेत २०० ग्रॅमचं आणि ३५० ग्रॅमचं फळ एकत्र आलं, तर मोठं फळ तापेपर्यंत छोटं उकडून निघतं. वरून साल तेवढी फिकी वाटते, पण चार दिवसांनी कापलं की कोयीभोवती पांढरट, कडक गर आणि मधे पोकळी. यंत्राचा यात काही दोष नसतो. वजनाची प्रतवारी बागेतच काट्यावर करा, नजरेच्या अंदाजाने नको. साक्याचंही, म्हणजे हापूसच्या गरात आतून होणाऱ्या बिघाडाचंही, तसंच. साका झाडावरच धरलेला असतो, कुठलीही प्रक्रिया तो काढत नाही. फार मोठी, जास्त पिकत आलेली फळं निर्यातीच्या पेटीत घालूच नयेत.

विकिरणात फळ पेटीत भरूनच आत जातं. पेटीतल्या सगळ्यात कमी डोस मिळणाऱ्या जागीही किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) पोचायलाच हवेत, आणि सगळ्यात जास्त मिळणाऱ्या जागी १००० ग्रेच्या वर जाता कामा नये. कडेच्या फळांना जास्त मिळतं, मधल्यांना कमी. म्हणून पेटीचं माप, आतला कप्पा, भरलेलं वजन हे सगळं मंजूर नमुन्याबरहुकूम लागतं. छापखान्याकडून पेटी दोन सेंटिमीटर उंच करून आणली, की डोसची मोजणी नव्याने करावी लागते आणि ऐन हंगामात त्यासाठी कुणाला सवड नसते. पेटीच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी हवीच. जाळी सुटलेली एक पेटी निघाली तरी निरीक्षक लॉट थांबवू शकतो. प्रक्रियेनंतर माशी आत शिरू नये म्हणून ही अट आहे आणि ती रास्त आहे.

त्याआधीची पायरी म्हणजे धुणं. सोडियम हायपोक्लोराइट मिसळलेल्या साधारण ५२ अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं, मग पूर्ण सुकवणं. करपा आणि देठकूज या रोगांना इथेच आळा बसतो. फळ ओलं राहून पेटीत गेलं तर डाग पडणारच.

बागेत काय सांभाळायचं? चौदा आणे (सोळा आण्यांपैकी, म्हणजे पूर्ण पिकण्याआधीचं) तयार फळ, देठासकट, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेलं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, गरम पाण्यानंतर तो डाग काळा पडतो आणि फळ बाद होतं. काढणीपासून चोवीस तासांच्या आत माल वाशीत यावा. कोकणातून रात्री गाडी निघाली तर पहाटे पोचते. दुपारच्या उन्हात ताडपत्रीखाली तापलेला माल आणू नका. बाग मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदणीत, नोंदलेली हवी, फळमाशीचे सापळे लावल्याच्या नोंदी हव्यात. ही नोंदणी हंगामाच्या आधी होते. आंबा तोडल्यावर करू म्हटलं तर वर्ष गेलं.

मनुष्यबळ अनुभवी आहे, शीतगृहाची सोय आहे, सहार विमानतळाचा कार्गो जवळ. यंत्रांना चांगले गुण द्यायलाच हवेत. उणं पडतं ते वेळेत आणि कागदात. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, स्लॉट मोजके. एकट्याचा छोटा लॉट असेल तर चार-पाच बागायतदारांनी मिळून एक खेप करावी, तरच परवडतं. प्रक्रियेचे दर प्रत्येक हंगामात बदलतात, तेव्हा आधी फोन करून विचारा.

कागदाचं महत्त्व २०२५ च्या मेमध्ये सगळ्यांनी पाहिलं. विमानाने गेलेल्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. कारण आंबा नव्हता, पीपीक्यू २०३ या, प्रक्रिया झाल्याचा दाखला देणाऱ्या कागदावरची त्रुटी होती. तो कागद अमेरिकी निरीक्षकाच्या सहीने निघतो. परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जड, म्हणून निर्यातदारांना फळ तिथेच नष्ट करावं लागलं. त्यामुळे गाडी सहारकडे सोडण्यापूर्वी लॉट क्रमांक, पेट्यांची संख्या, प्रक्रियेची तारीख आणि वेळ पीपीक्यू २०३, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र) आणि पेटीवरचा शिक्का या तिन्हींवर जुळतात का, हे दोघांनी मोठ्याने वाचून पडताळा. पंधरा मिनिटं लागतात.

नव्या राजदूताने खरंच काही करायचं तर काम इथे आहे. जपानने २० वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली, २००७ मध्ये अमेरिकेत आंबा पुन्हा जाऊ लागला. दोन्हीकडे अट तीच: प्रक्रिया त्यांच्या निरीक्षकाच्या नजरेखाली. त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा भार अखेर आपल्याच बाजूला पडतो. कोविडमध्ये अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि २०२० व २०२१ हे दोन हंगाम अमेरिकेला जाणारा आंबा थांबला. २०२२ मध्ये सुरू झाला तो नव्या करारावर. त्यात आपण त्यांची चेरी आणि अल्फाल्फा चारा घ्यायचा, त्यांनी आपला आंबा आणि डाळिंब, आणि विकिरणावरची देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवायची, असं ठरलं. हा शेवटचा मुद्दा तडीस जाणं वाशीच्या दृष्टीने कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं आहे. आपल्या अधिकाऱ्याची सही चालू लागली, तर पेट्या १३ अंशांच्या खोलीत सहीची वाट पाहत राहणार नाहीत आणि सावंतवाडीच्या छोट्या बागायतदारालाही स्लॉट मिळेल.

तोवर मार्च उजाडताच केंद्राकडे नाव नोंदवा आणि छापायला देण्याआधी पेटीचा नमुना तिथे दाखवून घ्या.