आजोबांची फेल्ट हॅट, महूचे चाचा आणि साडेतीन स्टार

आधीच सांगते, इंदूरात फेल्ट हॅट नीट करून देणारं दुकान शोधत बसू नका, मी दोन महिने घालवलेत. राजवाड्याच्या आसपास फेटे-टोप्यावाले आहेत, ते हॅट हातात घेतात, उलटी करून बघतात आणि "भिया, ये अपने बस का नहीं" म्हणून परत देतात (मी बाई आहे तरी भियाच, इंदूर आहे शेवटी). एका ड्रायक्लीनरने मात्र "हो जाएगा" म्हणून ठेवून घेतली आणि काठावर सरळ गरम इस्त्री फिरवली, तिथे एक चकाकणारा पट्टा उठला तो अजून आहे.

हॅट आजोबांची. होळकर संस्थानात कारकून होते, ऑफिसला आणि देवळात काळी टोपी, आणि यशवंत क्लबच्या ग्राउंडवर मॅच बघायला जाताना ही राखाडी हॅट. होळकर टीमचे कॅप्टन सी. के. नायडूंचा जमाना, टीमने रणजी चार वेळा जिंकली, त्यातल्या निदान दोन या हॅटमुळे असं आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे. नंतर ती माळ्यावरच्या ट्रंकेत रजयांखाली गेली आणि बाहेर निघाली तेव्हा पोह्यांच्या ताटलीसारखी चपटी, वरचा चिमटा (माथ्यावर पुढे दाबलेली घडी) फाटायच्या बेतात, एका बाजूला कसर लागून बारीक खड्डे. आतल्या चामड्याच्या पट्टीवर मेड इन इंग्लंड आणि ७ नंबर एवढंच वाचता येत होतं. इंग्लिश ७ म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटर डोकं, त्याच मापाला अमेरिकन हॅटवर ७ १/८ लिहितात, ऑनलाइन घेताना यात लोक फसतात. आमची आकसून ५५.५ झाली होती.

आकसायला मीही थोडी जबाबदार. व्हिडिओ बघून किटलीच्या वाफेवर धरली, फेल्ट मऊ पडलं खरं पण आतली पट्टी बाहेर उलटून काढायची असते हे मला माहीत नव्हतं, चामड्याला वाफ लागली आणि ते आखडलं. त्यात आई. तिने कुठेतरी ऐकलं की तेलकट डागाला मुलतानी माती, बरोबर ऐकलं, पण तिने गुलाबपाणी घालून फेसपॅकसारखी पेस्ट केली. माती कोरडीच भुरभुरायची, रात्रभर तेल ओढू द्यायचं आणि सकाळी ब्रशने झाडायची, ओली लावली की चिखल फेल्टच्या आत जाऊन बसतो.

तर महू. मावसभाऊ म्हणाला महूला जा, इंदूरजवळच्या लष्करी छावणीत, तेव्हा हसले मी, पण विचार केला तर बरोबरच होतं. तिथे इन्फंट्री स्कूल आहे, सगळ्या रेजिमेंटचे ऑफिसर कोर्सला येतात, आणि गोरखा आणि गढवाल पलटणींची ती रुंद काठाची हॅट फेल्टचीच असते, म्हणजे तिला वळण लावणारा माणूस छावणीच्या बाजारात असणारच. राऊवरून गाडीने गेलो. दुकान म्हणजे एक शटर, बेरे (लष्करी गोल टोप्या) टांगलेले, पितळी बिल्ल्यांच्या बरण्या आणि मागे चाचा, सत्तरीचे असावेत.

चाचांनी आधी हॅट बघितलीच नाही, माझ्या कपाळाला टेप लावला. मग फेल्टवर पाण्याचा एक थेंब सोडला, तो मोत्यासारखा उभा राहिला तेव्हा म्हणाले "फर है, ऊन नहीं, बच जाएगी". सशाच्या केसांचं फेल्ट लोकरीच्या फेल्टपेक्षा वाफेला जास्त ऐकतं आणि आकारही जास्त दिवस धरतं, लोकरीचं पुन्हा ढेपाळतं. कसरीचे खड्डे दाखवले तर मान हलवली, भरता येणार नाहीत, फार तर आजूबाजूचे केस बारीक पॉलिश पेपरने उठवून नजरेआड करता येतील. नवीन करून देतो म्हणाले असते तर मी हॅट उचलून निघाले असते.

दुसऱ्या चकरेला मी हट्टाने समोर बसून बघितलं आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. चामड्याची पट्टी आधी बाहेर उलटली (हाय रे माझी किटली). मोठ्या टोटीच्या भांड्यातून वाफ, हॅट एका जागी धरायची नाही, सारखी फिरवायची, फेल्ट ओलं नाही, फक्त दमट आणि गरम व्हायला हवं. कडक राहण्यासाठी फेल्टला लाखेचा (शेलॅक) हात दिलेला असतो, ती लाखही वाफेने सैल पडते आणि गार झाली की नव्या आकारात धरते, म्हणून गार व्हायच्या आत हात चालवायचा. मग लाकडी कलबूतावर (डोक्याच्या आकाराचा साचा) खाली ओढली, दोन्ही तळहातांनी, ओढताना चाचा श्वास रोखतात हे माझ्या लक्षात आलं. बुडाशी सुतळी करकचून बांधली आणि दोन दिवस तशीच सावलीत. काठावर ओलं सुती फडकं ठेवून त्याच्यावरून इस्त्री, हे त्या ड्रायक्लीनरला कोणी सांगा. एका वेळी एकाच नंबरने वाढवली, जास्त ताणली तर शिवण आणि चामडं दोन्ही जातात म्हणाले. आता ५७ ला थोडी कमी आहे पण बसते.

एक गोष्ट मला खटकली. जुन्या काळी फरचे केस एकमेकांत गुंतवून फेल्ट करायला पाऱ्याचा क्षार वापरायचे, हॅट बनवणारे कारागीर त्याने थरथरायला लागायचे, अमेरिकेत ते १९४१ मध्ये बंद झालं. आमची हॅट त्याच काळातली. चाचा बंद खोलीत वाफ देतात, मी खिडकी उघडायला सांगितली तर "चालीस साल से कर रहा हूँ बेटा". उघडली शेवटी, पण माझ्यासाठी.

आता दीड स्टार कुठे कापला ते. तीन दिवस सांगून अकरा लावले, कारण कोर्सची नवी बॅच आली आणि सगळ्यांच्या बेऱ्यांना आकार द्यायचा होता, हे समजू शकते, पण एक फोन करायला काय जातं. आणि फीत! जुनी रेशमी फीत विरली होती तर त्यांनी चकचकीत पॉलिएस्टरची लावली, साडीच्या फॉलसारखी दिसते. मी ती उसवली आणि बारीक उभ्या रेघांची सुती फीत आणून स्वतः टाके घातले, रेघांची फीत वळणावर बसते, गुळगुळीत फुगते. बिल ६५० रुपये, फितीचे ८० वेगळे, ते देताना जरा जीवावर आलं.

घरी सांभाळायचं त्यांनी जे सांगितलं ते फुकट होतं आणि सगळ्यात कामाचं. वरच्या चिमट्याला धरून हॅट उचलायची नाही, तिथेच भेग पडते, दोन्ही हातांनी काठाला धरा. ठेवताना उलटी, तिच्या माथ्यावर उभी, नाहीतर काठ बसतो. ब्रश मऊ केसांचा, घड्याळाच्या उलट दिशेने, गडद आणि फिक्या हॅटला वेगळा. भिजली तर हेअर ड्रायर नाही, गाडीत उन्हात ठेवणं तर अजिबात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलचं कापड चालेल, डांबराच्या गोळ्या कपड्यात बांधून बाजूला.

जाणार असाल तर फीत स्वतःची न्या आणि आधी विचारून घ्या की कोर्सची बॅच सुरू आहे का. रविवारी बंद, दुपारी दीड ते चार जेवण आणि झोप, त्या वेळात शटर वाजवलं तर शिव्या पडतात, मला पडल्या.