पुरणपोळीचं मशीन आणि फुकटातलं पेटंट सर्च : कुठली साइट कशासाठी वापरायची

पेटंट शोधायचं म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम, त्याला महागडं सॉफ्टवेअर लागतं, असा समज आपल्याकडच्या छोट्या कारखानदारांत पक्का बसलाय. तो निघावा म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं काम खाद्यपदार्थांच्या मशीनची ड्रॉइंग करायचं, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी येतंच की साहेब पुरणपोळीचं ऑटोमॅटिक मशीन करायचंय, पेटंट घ्यायचंय, आणि आधी कोणी केलंय का विचारलं की उत्तर येतं, छे हो, यूट्यूबवर तर काही दिसलं नाही. यूट्यूबवर नाही म्हणजे जगात नाही असं होत नाही ना. तर गूगल पेटंट्स, एस्पेसनेट, पेटंटस्कोप, लेन्स आणि आपलं भारतीय इनपास या पाचही साइट्स मी कामासाठी सतत वापरतो, पाचही फुकट आहेत, आणि पहिली चाळणी लावायला त्या पुरून उरतात. फक्त कुठली कधी उघडायची हे कळलं पाहिजे, आणि बॉक्समध्ये चार शब्द टाकून एंटर मारला की सर्च झाला हे डोक्यातून काढलं पाहिजे.

सुरुवात गूगल पेटंट्सनेच करा, त्यात कमीपणा काही नाही. 2006 मध्ये फक्त अमेरिकन पेटंट घेऊन सुरू झालेली ही साइट, आता 100 हून जास्त देशांच्या ऑफिसांची कागदपत्रं तिथे आहेत. वेग जबरदस्त, चिनी जपानी पेटंटचं इंग्रजी भाषांतर तिथल्या तिथे दिसतं, आकृत्या मोठ्या करून बघता येतात, आणि पानाच्या खाली गेलं की ह्या पेटंटने जुनी कुठली पेटंट दाखवलीत, नंतर कोणी ह्याचा दाखला दिलाय, आणि ह्याच्यासारखी अजून कुठली आहेत, अशा तीन याद्या मिळतात. माझ्या मते ह्या याद्या हेच गूगलचं खरं बळ आहे, सर्च बॉक्स नव्हे. एक बरं पेटंट हाताला लागलं की तिथून मागे आणि पुढे जात राहायचं, अर्ध्या तासात त्या विषयातली मोठी माणसं आणि मोठ्या कंपन्या कोण ते समजतं.

पण शब्दांनी शोधण्यात एक मोठी गोची आहे. रोटीमॅटिक सगळ्यांना माहितीय, आपल्या पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापूरमध्ये उभं केलेलं ते रोटीचं मशीन. त्याच्या अमेरिकन पेटंटचं शीर्षक बघा, 'कॉम्पॅक्ट अप्लायन्स फॉर मेकिंग फ्लॅट एडिबल्स'. शीर्षकात रोटी हा शब्दच नाही! आणि ते बरोबरच आहे, पेटंट लिहिणारा मुद्दाम रुंद शब्द घेतो, म्हणजे रोटी पण आत, टॉर्टिया पण आत, उद्या कोणी ज्वारीची भाकरी म्हणालं तर तीही आत. म्हणजे तुम्ही नुसतं 'रोटी मेकर' शीर्षकात शोधत बसलात तर समोरचा सगळ्यात महत्त्वाचा कागद तुम्हाला दिसणारच नाही. आता पुरणपोळीचं घ्या. रोमन लिपीत ती लोक जोडून लिहितात, तोडून लिहितात, पु ला एक यू लावतात नाहीतर दोन ओ लावतात, कर्नाटकातला माणूस तिलाच होळिगे किंवा ओब्बट्टू म्हणणार, आंध्रातला बोब्बट्लू म्हणणार. हे सगळे शब्द 'ऑर' लावून टाका, जरूर टाका, त्यातून आपल्याकडचे अर्ज सापडतात. पण जर्मनीतला किंवा जपानमधला माणूस ह्याला 'भरलेलं पीठ', 'सारण घातलेला गोळा', 'चपटा खाद्यपदार्थ' असं काहीतरी म्हणतो, त्याला पुरण कुठे माहितीय.

म्हणून मग वर्गीकरणाकडे यायचं, आणि इथे एस्पेसनेटला तोड नाही. युरोपियन पेटंट ऑफिसची साइट, 1998 पासूनची, 15 कोटींच्या वर कागदपत्रं. मला पाचांतली एकच ठेवायला सांगितली तर मी हीच ठेवीन. जगातल्या प्रत्येक पेटंटला ते कशाबद्दल आहे त्याचा कोड दिलेला असतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीला आयपीसी म्हणतात, आणि युरोप-अमेरिकेने मिळून 1 जानेवारी 2013 पासून लागू केलेली जास्त बारीक पद्धत म्हणजे सीपीसी, तिच्यात अडीच लाखांच्या आसपास कप्पे आहेत. आपल्या कामाचा कप्पा ए21सी, म्हणजे पिठावर काम करणारी यंत्रं. त्यातल्या ए21सी 11 मध्ये पिठाला शेवटचा आकार देणारी, ए21सी 9/06 मध्ये पिठाच्या गोळ्यात सारण भरणारी. आणि भाजायचं बघायचं असेल तर ए21बी 5, त्यात वेफरसारख्या खास पदार्थांच्या भट्ट्या येतात.

करायचं असं की गूगलवर मिळालेल्या दोन-तीन चांगल्या पेटंटवर कुठले कोड परत परत येतायत ते टिपून घ्यायचे, मग एस्पेसनेटच्या क्लासिफिकेशन सर्चमध्ये जाऊन त्या कोडची व्याख्या नीट वाचायची, त्याच्या वरचा आणि खालचा कप्पापण वाचायचा, आणि मग कोड अधिक एखादाच शब्द असं शोधायचं. भाषा कुठलीही असो, जपानी असो, कोरियन असो, सारण भरायचं यंत्र असेल तर ते त्या कप्प्यात सापडायलाच पाहिजे. मी ए21सी 9/06 बघायला सांगितलं की लोकांना पहिल्यांदा जपानी कागद दिसतात आणि धक्का बसतो. त्यांच्याकडे मांजू म्हणून एक पदार्थ आहे, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण, बाहेर पिठाचं आवरण. म्हणजे न लाटलेली पुरणपोळीच की! तोराहिको हायाशी नावाच्या गृहस्थांनी हे सारण भरायचं काम यंत्राने करून दाखवलं, 1963 मध्ये रेऑन नावाची कंपनी काढली, आणि त्यांच्या नावावर पेटंटचा नुसता ढीग आहे. सारण चिकटतं कुठे, आवरण फाटतं कुठे, गोळा कापताना तोंड बंद कसं करायचं, हे सगळं आकृत्यांसकट लिहून ठेवलंय. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून साधारण 20 वर्षांची, म्हणजे त्यातली जुनी केव्हाच संपली, कोणीही वाचावं आणि वापरावं. इतकं चांगलं इंजिनिअरिंगचं साहित्य फुकट पडलेलं असताना आपण सगळं पहिल्यापासून करत बसतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एस्पेसनेटवर अजून एक गोष्ट आवर्जून बघा, सर्च रिपोर्ट. युरोपियन किंवा पीसीटी अर्जासोबत (पीसीटी म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जातून बऱ्याच देशांत पेटंट मागायची सोय) पेटंट ऑफिसच्या तपासनिसाने काढलेल्या जुन्या कागदांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर असतं. एक्स म्हणजे हा एकटा कागदच तुमच्या क्लेमला, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क सांगितलाय त्या मुद्द्याला, भारी पडतो, वाय म्हणजे दुसऱ्या कागदाबरोबर जोडून भारी पडतो, ए म्हणजे नुसती पार्श्वभूमी. तुमच्या मशीनसारख्याच एखाद्या अर्जाचा रिपोर्ट काढून त्यातले एक्सवाले कागद आधी वाचा. शिकलेल्या तपासनिसाने मेहनत करून ठेवलीय, तिचा फायदा घ्या. फॅमिलीचा टॅब पण बघा, एकच शोध कुठल्या कुठल्या देशात फाइल केलाय ते तिथे दिसतं.

पेटंटस्कोप ही वायपोची, म्हणजे जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची. पीसीटीचे नवीन आंतरराष्ट्रीय अर्ज दर गुरुवारी प्रसिद्ध होतात, ते सगळ्यात ताजे इथे मिळतात. दुसरं म्हणजे इंग्रजी शब्द टाकला की त्याचे समानार्थी आणि परभाषेतले शब्द काढून सगळीकडे शोधायची सोय आहे, ती छान चालते. बाकी रोजच्या वापरात मी हिच्याकडे एस्पेसनेटनंतरच येतो. महागड्या पेड डेटाबेसबद्दल एवढंच की मोठ्या वकिली फर्मला ते लागतात, एका मशीनसाठी वर्कशॉपवाल्याने घेऊ नयेत.

लेन्स ही ऑस्ट्रेलियातल्या कॅम्बिया ह्या ना-नफा संस्थेची. हिची खासियत ही की पेटंट आणि संशोधनाचे पेपर एकमेकांना जोडून दाखवते. काही लोकांना हे फालतू वाटतं, पेपरचा आणि पेटंटचा काय संबंध म्हणतात. त्यांनी हळदीची केस आठवावी. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरायचं पेटंट मिळालं, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. 32 संदर्भ काढून दिले, त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापलेला पेपरही होता. 1997 मध्ये त्या पेटंटचे क्लेम फेटाळले गेले. ते जिंकून दिलं ते पेटंट डेटाबेसमधल्या कागदांनी नाही, छापील ग्रंथांनी आणि जर्नलने. म्हणून खाद्यपदार्थाच्या बाबतीत तर पेपर, थिसिस, जुनी पुस्तकं, कृषी विद्यापीठांचे अहवाल बघितल्याशिवाय सर्च पूर्ण झाला म्हणू नका. लेन्सवर धंद्यासाठी वापरायच्या अटी मात्र आधी वाचून घ्या.

आता इनपास, आपल्या भारतीय पेटंट ऑफिसची सर्च साइट. बरेच लोक ही उघडतच नाहीत, गूगलवर झालं की थांबतात, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण ह्याच गोष्टीवर असतं. भारतीय अर्ज गूगलवर सगळे आणि वेळेवर असतील असं धरून चालू नका. पुरणपोळी, मोदक, भाकरी, थालीपीठ, ह्या मशीनवर अर्ज कोण करणार? आपल्याच इकडची माणसं, कॉलेजं, छोटे उद्योजक, आणि ते भारतातच करणार. शोधताना पब्लिश्ड आणि ग्रँटेड दोन्ही खुणा ठेवा, फक्त शीर्षकात शोधू नका, कम्प्लीट स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे शोधाच्या पूर्ण वर्णनाच्या, फील्डमध्ये पण शब्द टाका, कॅप्चा भरा आणि चालू करा. नावाने शोधताना स्पेलिंगचे सगळे प्रकार टाका, कुलकर्णी देशपांडे लोकांना हे वेगळं सांगायला नको.

दिसायला साइट साधी आहे, गूगलसारखी गुळगुळीत नाही, पण हिच्यात जो खजिना आहे तो दुसरीकडे नाही. अर्जाच्या स्टेटसवर जा, तिथून व्ह्यू डॉक्युमेंट्स उघडा. तपासनिसाचा पहिला अहवाल, म्हणजे लोक ज्याला एफईआर म्हणतात तो, अर्जदाराने दिलेलं उत्तर, सुनावणीची नोटीस, शेवटचा निर्णय, सगळं वाचायला मिळतं. मशीनवाल्यांनी त्यात कलम 3(एफ) शोधावं. माहितीतलीच उपकरणं नुसती एकाला एक जोडली आणि प्रत्येकजण आपापलंच काम करतोय, तर तो शोध धरला जात नाही असं ते कलम सांगतं. बाजारातला कणीक मळायचा मिक्सर, मग बाजारातला रोलर, मग बाजारातला तवा, मधे कन्व्हेयर, आणि म्हणायचं पेटंट द्या, तर हीच हरकत येणार. दुसऱ्यांना आलेली हरकत आणि त्यांनी दिलेलं उत्तर वाचलं की आपल्या मशीनमध्ये नक्की नवीन काय आहे हे माणूस स्वतःलाच विचारायला लागतो, आणि ते अर्ज भरायच्या आधी विचारलेलं बरं. पेटंट जर्नल दर शुक्रवारी निघतं, आपल्या विषयावर लक्ष ठेवायचं असेल तर तेही चाळत जा.

काही गोष्टी कुठल्याच साइटवर दिसणार नाहीत. अर्ज साधारण 18 महिने गुप्त असतो, त्यामुळे गेल्या दीड वर्षात कोणी काय फाइल केलंय ते सगळं आज कोणालाच शोधता येत नाही, कोणी शंभर टक्के खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नका. गूगलवर पेटंट चालू आहे की संपलंय असं लिहिलेलं असतं, पण तो अंदाज आहे आणि ते स्वतःच तसं लिहितात, भारतातल्या पेटंटसाठी इनपासवर रजिस्टर बघा. अमेरिकेत पेटंट आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, तर इथे ते मशीन बनवून विकायला त्या पेटंटची आडकाठी नाही, पण तुम्ही त्यावर नवीन पेटंटही घेऊ शकत नाही, कारण शोध जगात आधीच प्रसिद्ध झालाय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक रोज त्यांची गल्लत करतात. आणि एआय चॅटबॉटकडून समानार्थी शब्द घ्या, कोड सुचवून घ्या, चांगलं सुचवतो, पण त्याने दिलेला पेटंट नंबर एस्पेसनेटवर टाकून डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठे लिहू नका, नसलेले नंबरही तो बिनधास्त देतो.

शोधताना एक साधी एक्सेल शीट ठेवा, तारीख, साइट, टाकलेले शब्द, कोड, आणि जवळचे निघाले ते नंबर, पुढे एका ओळीत आपल्यापेक्षा वेगळं काय. ही शीट घेऊन पेटंट एजंटकडे जा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपये आणि तपासणीची 4000, खरा खर्च एजंटचा आणि ड्राफ्टिंगचा असतो, आणि तुम्ही तयारीने गेलात तर त्याचा वेळ तुमच्या क्लेमवर जातो, शोधाशोधीत नाही. मशीनच्या बाहेरच्या दिसण्यावर हक्क हवा असेल तर तो डिझाइन कायद्याखाली येतो, त्याचं रजिस्टर आणि त्याचा सर्च वेगळा, वर सांगितलेल्या कशातही तो निघणार नाही, तेही एजंटला त्याच भेटीत विचारून घ्या.