सिटी व्हीटेक घ्यावी की जुनी सिव्हिक?

जपून ठेवायला म्हणून जुनी होंडा घ्यायचीय आणि मन सिटी व्हीटेक नि सिव्हिकमध्ये अडकलंय, तर आधी एवढंच बघा, घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का? असेल तर माझं मत सरळ सिटी. नसेल तर सिव्हिक, आणि तीपण मॅन्युअलच.

सिटी म्हणजे ती पहिली, १९९८ ला आपल्याकडे आलेली चौकोनी. पण त्यातली कुठलीही उचलू नका, शोधायची ती २००० नंतरची १.५ व्हीटेक, २००३ ला नवीन शेप आला नि ही संपली. पॉवर १०६ बीएचपी, आज आकडा काही खास वाटत नाही, पण गाडी हलकी आणि ही पॉवर येते ६८०० आरपीएमला, म्हणजे इंजिन पिळलं तरच मजा. खालच्या आरपीएमला ती शहाण्यासारखी चालते, वर गेलं की ऑइलच्या प्रेशरने आत पिन सरकते, व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात आणि आवाजच बदलतो, व्हीटेक म्हणतात ते हेच. मुंबईहून येताना कसारा घाटात सेकंड-थर्डला हे एकदा ऐकलं की माणूस व्यवहारात भाव करायचं विसरतो, म्हणून ट्रायल घ्यायच्या आधीच किंमत बोलून घ्या.

त्रास एकच, स्टॉक गाडी मिळत नाही. पोरांनी एक्झॉस्ट बदललेत, स्प्रिंगा कापल्यात, सीटा काढल्यात. कॉलेज रोडवर भुंगाट फिरलेली गाडी कितीही चकाचक असली तरी सोडा, रंग उडालेली पण ओरिजिनल असेल तर घ्या. दरवाजांच्या खालच्या कडा नि डिकीतलं कार्पेट उचलून गंज बघा आणि टायमिंग बेल्ट कधी बदललाय त्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदलायचाय असंच धरून चाला.

सिव्हिकला बेल्टची कटकट नाही, चेन आहे. २००६ ते २०१३ विकली, १.८ इंजिन, १३० च्या आसपास बीएचपी, वर डिजिटल स्पीड नि खाली आरपीएमचा काटा असा दोन मजली डॅशबोर्ड, तो अजूनही जुना वाटत नाही. समृद्धीने जायचं, आईवडील मागे बसणारेत, तर सिटीपेक्षा हीच बरी. फक्त खालून घासते. सोसायटीतला, गल्लीतला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो, म्हणून लिफ्टवर चढवून पोट बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

पेट्रोलचं दोघींचंही सारखंच, ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, जमान्याआधीच्या गाड्या, म्हणून रबरी फ्यूएल पाइप तपासून घ्या.

आता कागद, खरा खर्च इथे लपतो. व्हिंटेज म्हणायला गाडी ५० वर्षांची लागते, म्हणजे ती सवलत दोघींनाही नाही. १५ वर्षांनी री-पासिंग (म्हणजे आरटीओत रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल), मग दर ५ वर्षांनी परत, वर ग्रीन टॅक्स वेगळा, आणि २० वर्षं ओलांडलेल्या कारची रिन्यूअल फी २०२५ पासून १०,००० केलीय. सिटी सगळ्याच त्यात बसतात. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आहेत, म्हणून तिकडच्या स्वस्तात दिसतात, पण एनओसी, इथला टॅक्स, एमएच १५ चं, म्हणजे नाशिकचं पासिंग हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी तिथेच जिरते. त्यापेक्षा इथलीच, आरसी चालू असलेली गाडी थोडे जास्त देऊन घ्या.